महालक्ष्म्यांच्या दिवशी मोजलेली गल्ली

"उचल! मलेबी उचल गाडीसंगं!" सत्यभामाआजी स्कूटीवर बसल्या बसल्या म्हणाल्या. "लग्नात नवऱ्यानं नाई उचललं. आता तूच उचल, बावा."

क्रेनवाले दोघे मागचं चाक धरून उभे, आणि हँडल दोन्ही हातांनी आवळून यामिनी उभी. मधे आजी, मांडीवर पिशवी घेऊन, एखाद्या राणीसारख्या. कार्तिकातली सकाळ होती. ऊन नुकतं कुठं रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या गच्च्यांवरून खाली उतरत होतं, आणि सारी गल्ली दारात येऊन तमाशा बघत होती.

"मैडम, यहाँ पार्किंग मना है," क्रेनवाला म्हणाला.

"पार्किंग नाही, पेशंट आहे ही! हिचे गुडघे बघा आधी, मग बोर्ड दाखवा मला!"

असं म्हणायला तोंड लागतं, आणि यामिनीला ते देवानं भरभरून दिलं होतं. दिसायला देखणी होतीच. पण देखण्या पोरी रायपुरात काही कमी नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा सुजलेला गुडघा हातात घेऊन त्याच्याशी तान्ह्या लेकरासारखं बोलणारी पोरगी मात्र एकच. घराच्या खालच्या खोलीत तिनं फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला होता. पाऱ्यातले, तात्यापाऱ्यातले म्हातारे लंगडत यायचे आणि हसत जायचे.

अन् मग दिवाळीच्या तोंडावर निगमनं, म्हणजे महापालिकेनं, गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब ठोकले. ई-रिक्षा आत येणं बंद. गाडी उभी केली की क्रेन. ज्याला चालता येत नाही म्हणून तो दवाखान्यात येतो, त्यानंच चौकातून चालत यायचं... आहे की नाही डोकं? यामिनी एकेकाला स्कूटीवर बसवून आणत होती. तरी निम्मे पेशंट तुटले होते. महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर दवाखाना बंद करून नव्या रायपुरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी धरायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आईला सांगितलं नव्हतं.

"रुकिए भैया, छोड़ दीजिए," मागून आवाज आला.

उंच, सावळा, निळ्या शर्टातला पोरगा. गळ्यात कार्ड, हातात फाइल. क्रेनवाल्यांनी चाक सोडलं. त्यानं आजींपुढं हात धरला आणि म्हणाला, "पहले अच्छा वाला पैर, आजी. वज़न मेरे हाथ पर."

आजी उतरल्या. तोंडातून 'हाय' निघालं नाही.

यामिनी बघतच राहिली. हे तर ती पेशंटच्या घरच्यांना दहादा सांगून थकायची.

"कोणी शिकवलं तुम्हाला?"

"दादी के घुटने..." तो लाजला. "दस साल मैंने ही उठाया-बिठाया।"

तिनं कार्डावर नजर टाकली. शिशिर खानझोडे, सर्वे इंजिनियर. खांबांआधी निगमनं ज्या एजन्सीला गल्ल्यांतल्या गाड्यांचा सर्वे दिला होता, तिथला.

"खानझोडे? म्हणजे मराठी! मग हिंदी काहून झाडून राहिले?"

"समझता सब हूँ... बोलने में अटकता हूँ।"

"आमचा रस्ता अडवताना नाई अटकले?"

गल्ली हसली. पोराचे कान लाल झाले. आजी पिशवी सावरत म्हणाल्या, "पोट्टा चांगला आहे. धंदा वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी यामिनी पाऱ्याचा अर्ज घेऊन निगमच्या झोन ऑफिसात गेली. तिथं म्हणाले, हे ट्रॅफिक पोलिसांचं. पोलिसांकडं गेली, तर ते म्हणाले, हे निगमचं. परत आली तर साहेब जेवायला. जिन्याजवळ एजन्सीला दिलेल्या टेबलामागून शिशिर उठला, तिला आपली खुर्ची दिली, आणि न विचारता चहा सांगितला. आल्याचा, कमी साखरेचा. तिला तसाच लागतो हे त्याला कसं कळलं, कोण जाणे.

"मले एकच सांगा," चहा फुंकत ती म्हणाली. "आमच्या गल्लीत एवढ्या गाड्या उभ्या राहतात, हे कोणाच्या सपन्यात आलं?"

"सपना नहीं। गिना है। मैंने खुद।" त्यानं कागद पुढं केला. "सितंबर में, एक पूरा दिन।"

तिनं तारीख वाचली. पुन्हा वाचली. कप खाली ठेवला... आणि असं हसू फुटलं तिला, की शेजारच्या टेबलावरचा बाबू पण वळून बघायला लागला.

"अहो, हा महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस! पाऱ्यात मराठी माणसांच्या घरोघरी त्या दिवशी पंगती. भिलाई, दुर्ग, कुठून कुठून माणसं जेवायला येतात. वर्षातून एकदा गाड्यांची रांग चौकापर्यंत जाते आमची. आणि तुम्ही तोच दिवस मोजला?"

"हमारे घर महालक्ष्मी नहीं बैठती," तो हळूच म्हणाला. "मुझे लगा, रोज़ ऐसी ही भीड़ होती है। और लोग इतने अच्छे कि..." तो थांबला.

"की काय?"

"एक काकू ने हाथ पकड़कर पंगत में बिठा दिया। पुरणपोळी, सोलह भाजी... सब।"

"कोणत्या काकू?"

त्यानं मान खाली घातली. "आपकी आई।"

यामिनी खुर्चीतून उठलीच. "म्हणजे आमच्या घरी जेवून गेले, आणि आमचाच रस्ता बंद केला?"

"आंबील आपने ही परोसी थी," तो पुटपुटला. "दो बार।"

आता लाल व्हायची पाळी तिची होती. पण तिनं काही दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "मग हे कागद परत घ्या."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "रिपोर्ट गलत बोला तो एजन्सी मुझे रखेगी नहीं, यामिनीजी।"

भांडायला आलेली पोरगी, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारी नव्हती. "मी तुम्हाला काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण महिनाअखेर मला दवाखाना बंद करावा लागन. तेवढं माहीत असू द्या."

त्यानंतर एक नवलच झालं. शिशिर रोज सकाळी चौकात दिसायला लागला. ई-रिक्षातून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना हात धरून खांबांमधून आत आणायचा, दवाखान्याच्या पायरीशी सोडायचा आणि ऑफिसला जायचा. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. सत्यभामाआजी तर स्कूटीवर बसायच्याच बंद झाल्या. "मले खानझोड्याचा हात पाहिजे," म्हणायच्या.

"रोज काहून येता?" एकदा दारात उभी राहून यामिनीनं विचारलं. केस ओले होते, खांद्यावर टॉवेल होता.

"निरीक्षण।"

"कशाचं?"

"खंभों का।"

"खांब तिकडं आहेत. तुम्ही इकडं पाहून राहिले."

तो हसला... आणि यामिनीनं दार लावून घेतलं. पुढं कितीतरी वेळ ती एकाच आजोबांच्या खांद्याला तेल चोळत होती. शेवटी तेच म्हणाले, "बाई, दुखणं दुसऱ्या खांद्याला आहे."

अर्जावर झोन ऑफिसात सुनावणी लागली त्या दिवशी आख्खा पारा गेला. वरच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते. मंचावर साहेब, बाजूला एजन्सीचा मालक आणि त्याच्या मागं शिशिर. यामिनी बोलली. रडली नाही, ओरडली नाही. "एक पूल बांधायला तुम्ही दहा वर्षं घेता," ती म्हणाली, "आणि म्हाताऱ्याची वाट एका दिवसात बंद करता. तो एक दिवसही चुकीचा." हॉल टाळ्यांनी दणाणला.

साहेब म्हणाले, "भावना ठीक है। लेकिन आँकड़े तो आँकड़े हैं।"

एजन्सीच्या मालकानं मान डोलावली. आणि शिशिर उभा राहिला.

मालकानं त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवली, हलकेच, जशी काट्यातून ओढणी सोडवतात.

"सर, आँकड़े मेरे हैं और गलत हैं। वह त्योहार का दिन था। और मैं गली में तीन बार घूमा, तीनों बार वही गाड़ियाँ फिर से गिनीं।"

एजन्सीच्या मालकानं कपाळाला हात लावला.

"तीन बार क्यों?" साहेबांनी चष्मा काढला.

शिशिर हातातल्या फाइलकडं बघायला लागला. त्याचे कान मात्र बोलत होते.

"...काम था, सर।"

अशा गोष्टी बायकांना सांगाव्या लागत नाहीत. मागच्या रांगेत खसखस पिकली. यामिनी पदर सारखा करायला लागली आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण तर कुर्ता घातलाय.

नोकरी पणाला लावून भर सभेत 'चूक माझी' म्हणणारा माणूस त्या ऑफिसानं कधी पाहिला असेल का? साहेबांनी तिथल्या तिथं सही केली. खांब निघणार, रिक्षा आत येणार, आणि नवा सर्वे साध्या दिवशी होणार. लोकांनी यामिनीला घेरलं. ती मात्र माणसांच्या डोक्यांवरून कोणाला तरी शोधत होती.

तो खाली जिन्याशी सापडला, एकटा.

"काढलं का तुम्हाला?"

"नहीं। बीरगांव भेज दिया। सोमवार से कारखानों के गेट पर ट्रक गिनने हैं।" तो हसला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "सुबह चौक पर... अब नहीं आ पाऊँगा।"

ती एक पायरी खाली उतरली. आता दोघांचे डोळे एका उंचीवर आले.

"तीन चकरा काहून मारल्या?"

त्यानं श्वास घेतला. आणि पहिल्यांदा, अडखळत, ठेचकाळत, मराठीत बोलला. "पहिली चक्कर... कामाची. मग तू ओसरीत दिसली. हिरवी साडी, हातात आंबिलीचा गंज, त्यात पळी. परत यायले बहाणा पाहिजे होता. नुसता फिरलो असतो तर तुही आई म्हणाली असती, कोणाचा पोट्टा घिरट्या मारून राहिला? म्हणून... मोजत राहिलो."

रस्त्यावरून हॉर्न वाजत होते, वरून माणसांचा कालवा येत होता, आणि यामिनी नखानं जिन्याच्या कठड्याचा रंग खरवडत होती.

"बीरगावात," शेवटी ती म्हणाली, "कारखान्याचे लोक दिवसभर उभे राहतात. त्यांच्या कंबरा, त्यांचे गुडघे कोण पाहते?"

"कोई नहीं।"

"मग दर रविवारी मी बसत जाईन तिकडं. एखादी खोली पाहून ठेव."

'ठेव' म्हणाली ती. 'ठेवा' नाही.

"सिर्फ... घुटनों के लिए?"

"येडा आहेस का?" हेल्मेट घालत ती म्हणाली, कारण लाल झालेलं तोंड लपवायला तेवढंच हाताशी होतं. "गुडघे तर मले इथंबी पुरून उरतात. तुह्यासाठी येऊन राहिली मी."