आधी कोणी बोलायचं

रात्रपाळी संपली की पायांचे तुकडे पडायचे. अशाच एका सकाळी ती, सर्जरी वॉर्डची सिस्टर, जरा टेकायला म्हणून ड्रायव्हरांच्या खोलीत शिरली. अँब्युलन्सवाला एकटाच पत्ते पिसत बसला होता.

"खुर्ची हवी असेल तर एक डाव खेळावा लागतो," तो म्हणाला.

"आणि झोप हवी असेल तर?"

"हरावं लागतं. लवकर."

ती हरली. मग रोजच हरू लागली.

पोकर. हातात दोन-दोन पत्ते, मधे पाच पालथे; आधी तीन उघडायचे, मग चौथा, मग पाचवा. पैशांऐवजी लावायला सलाइनच्या बाटल्यांची झाकणं. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, पिसणं जमेना... म्हणून वाटायचा नेहमी तोच. आणि मधले पत्ते उघडले की लावायचं की सोडायचं, हे वाटणारा शेवटी बोलतो. म्हणजे दर वेळी आधी बोलायचं तिने, चाचपडत. त्याने तिचा चेहरा वाचून, मग आरामात.

तीन पत्ते उघडले

"आधी बोलणाऱ्याने मोजकेच डाव खेळावेत," त्याने शिकवलं. "कच्चे पत्ते सरळ टाकावेत. चांगले आले तरी दर वेळी लगेच लावू नये. 'चेक' म्हणावं. म्हणजे — तू बोल. समोरचा जोर करतो. मग आपण वाढवावं."

"म्हणजे मनातलं लपवायचं."

"जरा थांबायचं, एवढंच."

"आमची आई म्हणते, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत."

"आई पोकर खेळत नसणार."

महिनाभरात तिच्यापुढे झाकणांचा ढीग झाला. पत्ते देताना त्याची बोटं तिच्या भेगा चुकवून जायची, एवढं तिला कळायचं... पुढचं कळत नव्हतं.

चौथा

बदलीचा कागद आला. दुसरं हॉस्पिटल, दिवसपाळी, बहिणीच्या घराजवळ. होकार दुपारच्या आत. तिने तो टेबलावर ठेवला, त्याला वाचता येईल असा.

"दिवसपाळी," तो म्हणाला. "चांगलंच की."

"चांगलंच. चेक."

त्यानेही टेबलावर बोट वाजवलं. चेक.

तो एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. तिने विचारलंही असतं; पण वॉर्डात, घरी, इथे — आधी बोलून बोलून ती दमली होती. आज तेवढंही त्राण नव्हतं.

पाचवा

उघडलाच नाही. त्याने डाव मोडला, पत्ते पिसले आणि गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला.

"पिसलेत. तू फक्त वाट."

"का?"

"वाटणारा शेवटी बोलतो." त्याची नजर झाकणांवर. "इतके दिवस मी त्या जागेत लपून बसलो. आज आधी मी... जाऊ नकोस असं नाही म्हणणार, तुला झोप हवीय. पण तुझ्याशिवाय मला ही खोली नको. तिथेही अँब्युलन्स असतीलच. अर्ज करू?"

ती एकेक पत्ता वाटत राहिली. शेवटी बोलण्यात एवढा निवांतपणा असतो, हे तिला आजच कळत होतं.

"बोल ना," तो म्हणाला.

"जरा थांबायचं. तूच शिकवलंस."

मग तिने आपले दोन्ही पत्ते उलटे न ठेवता त्याच्यापुढे उघडेच मांडले. बदलीच्या कागदावर सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"अर्ज आत्ताच लिही," ती टेबलावर डोकं टेकत म्हणाली. "झालं की उठव. सावकाश."