हाकेला आलेला

कोन गावातून कुणालला घ्यायचं, पडघ्याच्या पुढच्या डोंगराची धार चालायची आणि जेवायला घरी परतायचं, एवढाच बेत होता. बेत माझा, कारण आमच्या टोळीचा म्होरक्या मीच. शार्दूल आणि वल्लरी ही भिवंडीतली भावंडं वाट आधी मोबाइलला विचारणार, मग मला. कुणाल मात्र माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही. निघताना त्याची आई, आक्का, दारात आली.

"सार्थक, जेवायला माघारी आन हां त्याला. त्याच्याबगर मी जेवत न्हाय."

"आक्का, तुझा हा हत्ती कोण पळवून नेतंय?" मी म्हटलं. ती खळखळून हसली. ते हसणं आता आठवलं की मला माझाच राग येतो.

धार म्हणजे डोंगराची उघडी पाठ. दोन्हीकडे खोल उतार, मधे एकामागे एक चालण्यापुरती वाट. भाद्रपद सरत आला होता. गवत कमरेला लागत होतं, त्याचा ओला, कुबट वास येत होता. निम्म्या वाटेवर धुकं चढलं आणि खालच्या हायवेवरच्या ट्रकांचा आवाज हळूहळू विझला. मग फक्त आमचे बूट आणि आमचे श्वास.

पुढे मी, माझ्यामागे वल्लरी, मग शार्दूल, शेवटी कुणाल. शेवटचा माणूस भरवशाचा लागतो, म्हणून तो नेहमी कुणालच. मी मधूनमधून हाक मारायची, "कुणाल!" आणि मागून यायचं, "आलो!" शेवटच्याचा आवाज आला की मधले आहेतच, अशी आमची पद्धत.

एका जागी वाट फारच निमुळती झाली. पायाखालचे दगड सुटे होते. मी ती जागा पार केली, मागची दोघंही आली, आणि मी हाक मारली. उत्तर यायला जरा वेळ लागला. मग अगदी हळू, समजूत घातल्यासारखं आलं, "येतो..."

मला कसंसंच झालं. हाकेला कुणाल नेहमी ‘आलो’ म्हणायचा. ‘येतो’ आपण उंबऱ्यावर म्हणतो, चपला घालताना, घरच्यांचा निरोप घेताना. मी पुन्हा हाक मारली. "आलो!" या वेळी लगेच, खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पुढे निघालो.

त्यानंतर एकही हाक वाया गेली नाही. उलट, माझी हाक पुरी होण्याआधीच "आलो!" येऊ लागलं. शार्दूलने पाण्याची बाटली मागे धरली. पाय घसरेल म्हणून तो वळला नाही. बाटली घेतली गेली, थोड्या वेळाने परत हातात आली.

"केवढा गारठलायस रे..." शार्दूल म्हणाला.

पायथ्याच्या पाड्याजवळ धुकं विरलं तेव्हा मी पहिल्यांदा वळून पाहिलं. वल्लरी होती. शार्दूल होता. त्याच्यामागे रिकामी वाट होती, लख्ख दिसणारी.

"कुणाल?"

"आलो!"

शार्दूलच्या खांद्याला लागून आला तो आवाज. तिथे कुणी नव्हतं.

पाड्यावरच्या माणसांनी कुणालला शोधून काढलं, त्या निमुळत्या जागेच्या बरोबर खाली. पडला तेव्हाच गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ‘येतो’ म्हणून तो आमचा निरोप घेऊन गेला. मग आमच्या मागून पायथ्यापर्यंत उतरलं ते कोण, हे आम्ही तिघांनी एकमेकांना कधीच विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

आक्काने अन्न सोडलं. वल्लरीने रडत रडत तिला सगळं सांगून टाकलं होतं. एका दुपारी आक्काने मला बोलावणं धाडलं.

"मी हाक मारते तर कोन बोलत न्हाय. तुझ्या हाकेला तो खालपर्यंत आलेला हाय. येकदा मार ना रं, बाला..."

"आक्का, तो कुणाल नव्हता."

"नसू दे. आवाज तर त्याचाच हाय ना?"

मी हाक मारली. मागच्या पडवीतून, ओल्या गवताचा वास घेऊन, उत्तर आलं, "आलो!" आक्काचा चेहरा उजळला. तिने ताट पुढे ओढलं आणि पोटभर जेवली. तेव्हापासून मी रोज दुपारी कोनला जातो. नाही गेलो तर ती जेवत नाही, आणि गेलो की ते पडवीत येतं. यातून सुटका नाही, हे मला कळून चुकलंय.

काल ताट वाढून झालं होतं. मी हाक मारायला तोंड उघडणार, इतक्यात पडवीतूनच हाक आली.

"सार्थक!"

तिच्यात घाई नव्हती. धारेवर पुढे चालणारा मागच्याला मारतो, तशी ती हाक होती. मी दात घट्ट आवळून बसलो. काहीही झालं तरी ओ द्यायची नाही. ओठ मिटलेले होते, अगदी मिटलेले होते, आणि माझ्या पाठीला लागून, माझ्याच आवाजात, कुणीतरी खणखणीत म्हणालं, "आलो!"