मस्कतनंतर कुठं?

पहिल्या भेटीत ते रडले होते, हे मी आधीच सांगून टाकते. मस्कतच्या दवाखान्यात मी नर्स, आणि समोर बोट कापून घेऊन आलेले चन्नबसप्पा, कुठल्याशा वर्कशॉपचे सुपरवायझर. डॉक्टरांनी टाके घालायच्या आधीच यांच्या डोळ्यांत पाणी!

“लई दुखून राहिलं हो, सिस्टर.”

“लातूरकडचे का?”

“उदगीर! कसं वळखलं?”

“मी नांदेडकडची, केळीच्या अर्धापूरची. केळी खाता का?”

“बोट कापलंय ना... तुम्ही सोलून दिली तर—” एवढं म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

ड्रेसिंग आठवड्यात संपायला हवं होतं. हे महिनाभर येत राहिले, आणि मीही कधी ‘आता पुरे’ म्हटलं नाही. ते विधुर, माझं लग्न राहूनच गेलेलं. वर्षभराने वकिलातीत सह्या करून आम्ही संसार मांडला. सात वर्षं सुखाची गेली. फक्त उदगीरला कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांचं घर लिंगायत, मी बौद्ध घरातली. माझं नाव लुंबिनी; ते ऐकलं की तिकडे आडनाव विचारायचीही गरज पडत नाही. “सांगू की सवडीनं,” ते म्हणायचे, आणि मी मान डोलवायची.

आता त्यांची साठी झाली, नोकरी संपत आली. नोकरी संपली की मस्कतचा मुक्कामही संपणार. मग म्हातारपण कुठल्या देशात काढायचं? कागदपत्रांसाठी लातूरला आलो होतो, तर एका हॉटेलात चहा मागवून, माहितीपत्रकं पसरून बसलो.

“पोर्तुगालला थंडी लई,” ते म्हणाले.

“मग मलेशियातलं पेनांग बघा की. समुद्र हाय, दवाखाने चांगले हायत.”

“अन् ज्वारीची भाकर कोण देईल?”

“पीठ तुम्ही मळा, मी थापते.”

ते हसले, आणि टेबलाखाली हळूच माझी करंगळी धरली. साठीतही हे असे!

तेवढ्यात मागून हाक आली, “अरे चन्नू!” त्यांचा चुलतभाऊ धोंडप्पा. करंगळी सुटली.

“कवा आलास? अन् ह्या...?”

“ह्या... आमच्या तिकडच्या दवाखान्यातल्या सिस्टर. कागदाच्या कामाला आल्यात.”

आणि मी काय केलं? ते बोलायच्या आधीच माझ्या हातानं मंगळसूत्र पदराआड सारलं होतं. वर हसून मी नमस्कारही केला. धोंडप्पा गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या देशात वीस वर्षं ताठ मानेनं नोकरी केली, आणि आपल्या मुलखात येऊन स्वतःचंच लग्न चोरीच्या मालासारखं लपवलं.

“लुंबिनी... चुकलं माझं.”

“तुमचं एकट्याचं न्हाई. हात तर माझाच हलला.” माझे डोळे भरून आले. “आपण देश कुठं शोधून राहिलोय? लपायला जागा शोधून राहिलोय! पेनांग मला आवडलंय, खरंच. पण अशी पळून येणार न्हाई मी. जायचं तर एकटे जा.”

त्यांनी साय धरलेल्या चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी फोन काढला आणि थोरल्या बहिणीला लावला. गौरम्माक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं, आणि सगळं घर त्यांना टरकून असायचं. स्पीकर सुरू करून त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

“अक्का, मी लग्न केलंय. सात वर्षं झाली. लुंबिनी नाव हाय तिचं. नांदेडकडची.”

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही.

“सात वर्षं?” अक्का म्हणाल्या. “लाज न्हाई वाटली रं?”

“वाटली, अक्का. आजवर लोकांची वाटायची. आज माझी मलाच वाटून राहिली.”

मला वाटलं, आता ठेवतात फोन.

“दे तिच्याकडं.”

राग होता की माया, काही कळेना. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला, पण माझ्या वतीनं एक अक्षर बोलले नाहीत. ते मलाच बोलायचं होतं.

“नमस्कार, अक्का,” मी म्हणाले. “मी लुंबिनी. तुमची भावजय.”