चिमटा

सशाच्या पाठीत भुलीचं औषध टोचायचं आणि थोड्या थोड्या वेळानं मागचा पंजा चिमट्यात दाबून बघायचा, हे माझं काम. पाय ओढून घेतला की भूल उतरली. शेवटी ससा मारून कण्यातल्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. युटलंडमधल्या आमच्या गावात याहून बरी नोकरी नाही.

माझ्या बायकोला, इंगरला, खुब्याच्या ऑपरेशनआधी पाठीत भूल दिली होती, वेगळ्याच औषधाची. ती भूल उतरलीच नाही, पाय बधिरच राहिले. हिवाळाभर इंगर खिडकीपाशी खुर्चीत, मी स्वयंपाकघरात. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. फार एकटं वाटायचं.

एका संध्याकाळी राय धान्याचा काळा पाव कापताना ती म्हणाली, "टॉर्किल, आज माझ्या डाव्या पायाला कुणीतरी चिमटा काढला."

त्या दिवशी फाटक्या कानाच्या तपकिरी सशानं डावा पाय ओढला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याचा उजवा दाबला. घरी कोट काढायच्या आत इंगरनं उजव्या पायाचं सांगितलं. बाकीच्या सशांना दाबलं तर तिला काहीच कळत नव्हतं.

मग गरज नसतानाही मी त्याला रोज दाबू लागलो. ती माझी वाट बघायला लागली. आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

आणि त्याला मारायची पाळी आली. याला राहू दे, असं मी आमच्या साहेबाला, प्रेबेनला, म्हणालो.

"नसा बघितल्याशिवाय औषध सुरक्षित कसं म्हणायचं?" तो म्हणाला. "का रे, नावबिव ठेवलंस की काय त्याचं?"

मी हसलो. दिवस मावळताना सशाला खोक्यात घालून गाडीत ठेवलं आणि घरी आलो.

इंगर शाल आवळून बसली होती.

"मला कुणीतरी मानगूट धरून उचललं," ती हळूच म्हणाली. "अंधारात कोंबलं. गारठा आहे रे इथे."

मी बाहेर धावलो. घाईत गाडीचं दार उघडंच राहिलं होतं. खोकं कुरतडलेलं, रिकामं. बर्फात पावलं शेताकडे गेलेली.

खिडकी उघडली. इंगर हसत होती, कित्येक महिन्यांनी.

"टॉर्किल, मी पळतेय! दोन्ही पायांनी!"

ती खुर्चीतच होती.

मी पावलांमागून बांधापर्यंत गेलो. तिथून पुढे त्यांच्या शेजारी कोल्ह्याची पावलं सुरू झाली होती.

मागे खिडकीतलं हसणं थांबलं.