मधली चित्रं नकोत

टीव्हीच्या मागून दोन पाय बाहेर आले होते.

दोन महिन्यांचं आउटडोअर शूटिंग उरकून कयल घरी पोचली आणि बॅग हातातच धरून त्या पायांकडे बघत राहिली. पांढरी लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, टाचेला धूळ... आणि टीव्ही? तो तर तिने कधी पाहिलाच नव्हता. निम्मी भिंत अडवून बसलेला, नवाकोरा.

"अम्मा, आपल्या घरात हे कोण शिरलंय?"

"शिरलो नाही, वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो," पायांकडून उत्तर आलं. "जरा ती वायर द्या ना इकडे... ती नाही, काळी."

"सगळ्याच काळ्या आहेत."

"मग तुमच्या आवडीची द्या. मी लावून घेईन कुठेतरी."

कयलने मुद्दाम सगळ्यात आखूड वायर दिली. मागून हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ उरलेला माणूस बाहेर आला. केसांत जळमट, डोळे मिश्कील. नाव अमुदन. श्रीपेरुंबुदूरच्या एका टीव्ही कारखान्यात पडद्यावरचं चित्र जुळवणं, हे त्याचं काम. त्या कामाचा त्याला भारी अभिमान होता, हे त्याने टीव्हीची काच ज्या मायेने पुसली त्यावरूनच कळलं.

अभिमानात कयलही कुणाला ऐकणारी नव्हती. सालिग्रामममधली त्यांची गल्ली म्हणजे सिनेमावाल्यांचीच. कुणी दिवे लावणारा, कुणी नाच बसवणारा, कुणी रंगभूषा करणारा. तिचे अप्पा, सुंदरमूर्ती, यांनी जन्मभर फोकस धरला. नट कॅमेऱ्याकडे चालत आला की भिंगाची कडी अलगद फिरवत राहायची, चेहरा एक क्षणही धूसर होऊ द्यायचा नाही. कॅमेऱ्यामागच्या, मुख्य छायाचित्रकाराच्या खुर्चीवर मात्र त्यांना कधी कुणी बसवलं नाही. त्या खुर्चीवर त्यांची लेक बसली! तिचा पहिला सिनेमा थिएटरला लागला तेव्हा अप्पा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणावर होते, आणि ते उठेपर्यंत सिनेमा उतरलाही. आज संध्याकाळपासून तो घरच्या टीव्हीवर हवा तेव्हा लावून बघता येणार होता. त्यासाठीच तर अप्पांनी हा टीव्ही घेतला होता.

अप्पांनी कयलचं काम कधी वाखाणलं नव्हतं. तिला त्यांच्या तोंडून एकदाच, एकच बरा शब्द ऐकायचा होता. नावडत्या कामासाठी त्यांचा एक शब्द ठरलेला होता, आणि तो अख्ख्या गल्लीला ठाऊक होता.

"तंबी, ट्रेलर तरी दाखव," अप्पा अमुदनला म्हणाले.

ट्रेलर लागला. मिठागरातून डोक्यावर टोपली घेऊन एक बाई संधिप्रकाशात चालत येते... कयलने तीन संध्याकाळी वाट बघून टिपलेला तो उजेड. पण पडद्यावर ती बाई चालत नव्हती, घसरत होती! सगळं गुळगुळीत, लख्ख, कालच कुणाच्या तरी अंगणात टिपल्यासारखं.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"स्वच्छ आहे," ते हळूच म्हणाले. "सिरियलसारखं."

तोच तो ठरलेला शब्द! आणि हा बाबा शेजारी उभा राहून फुलून आला होता!

"बघितलंत? एकही धक्का नाही!" अमुदन म्हणाला.

"काय केलंत तुम्ही माझ्या सिनेमाचं?"

"सुधारला."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं? एका सेकंदाला चोवीस चित्रं टिपलीत मी. चोवीस! इथे शंभरावर दिसताहेत. बाकीची कुणी टिपली?"

"टीव्हीने. दोन चित्रांच्या मधलं चित्र तो स्वतः रचतो. ते रचणं..." तो जरा ताठ झाला, "माझं काम आहे."

"मग बंद करा तुमचं काम."

"माझंच काम मी माझ्याच हाताने बंद करू?"

आणखी ठिणग्या उडाल्या असत्या, पण तेवढ्यात अम्मा चंदनाची वाटी घेऊन आली. खंडेनवमीचा दिवस. या घरात आज धंद्याची सगळी हत्यारं देवीपुढे विसावायची. कयलचं उजेड मोजायचं यंत्र गेलं, अप्पांची फोकससाठी अंतर मोजायची जुनी टेप गेली, अमुदनचा लॅपटॉप गेला आणि त्याच्याच हातातला रिमोटही गेला. कयल भानावर येईतो रिमोटवर कुंकूसुद्धा लागलं होतं. मग अम्माने टीव्हीलाही चार बोटं चंदन फासलं आणि वरून जास्वंद ठेवली.

"आता उद्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"अम्मा, माझा सिनेमा संध्याकाळी..."

"उद्या दसऱ्याला बघू," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. कयलला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. पाऊस नुकताच थांबला होता, कठडा ओला होता. द्रोणातलं सुंडल, नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, खात अमुदन तिथे आधीच उभा होता. त्याने द्रोण पुढे केला. तिने घेतला, पण तोंड दुसरीकडे करून.

"माझ्या वडिलांना चेंडू दिसायचा नाही," तो आपण होऊनच म्हणाला. "क्रिकेटचे वेडे. जुन्या टीव्हीवर चेंडू म्हणजे नुसती पुसट रेघ. आउट झाला का, म्हणून दर वेळी मला विचारायचे. नोकरी लागल्यावर मी मधली चित्रं रचायला शिकलो आणि त्यांना टीव्हीपुढे बसवलं. त्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं, आउट आहे म्हणून."

कयलने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस उगाच फुशारक्या मारत नव्हता तर...

"मग चेंडूला द्या ना ती चित्रं," ती मऊ आवाजात म्हणाली. "माझ्या माणसांना नकोत. पडद्यावरचा माणूस जरा दूरचा, जरा स्वप्नातला वाटायला हवा. चोवीस चित्रांमध्ये ज्या फटी राहतात ना, त्या बघणाऱ्याच्या मनाने भरायच्या असतात."

"पण साध्या टीव्हीवर तो लंगडतो. पडदा सेकंदाला साठदा उजळतो, चित्रं चोवीस. भाग जात नाही. मग एक चित्र तीनदा दाखवायचं, पुढचं दोनदा." त्याने कठड्यावर बोटांनी ठेका धरला. "तकिट... तक. तकिट... तक. ऐका, लंगडतंय की नाही?"

ती नाचवाल्यांच्या गल्लीतच वाढली होती. तिने लगेच ठेका उचलला. "आणि आपला हा टीव्ही?"

"एकशे वीसदा."

तिने मनातल्या मनात भाग दिला. "म्हणजे प्रत्येक चित्र पाचदा! तकतकिट, तकतकिट... सगळी सारखी. मग मधलं काही रचायलाच नको!"

"नकोच," तो हळूच म्हणाला. दोघांची बोटं एकाच ठेक्यात पडत होती. "पण ते बंद करायचं बटण मी मेनूमध्ये इतकं खोल दडवलंय, की कुणाला सापडूच नये. स्वतःच्या कामाचा अभिमान... दुसरं काय?"

"मला सांगता अभिमान म्हणजे काय ते?"

तो हसला. तीही हसली. मग दोघं सुंडल संपवण्याच्या मागे लागले.

दसऱ्याला सकाळी अर्धी गल्ली घरात. अम्माने आरती करून रिमोट अमुदनच्या हातात दिला. त्याने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. टीव्ही ढिम्म.

"मुद्दाम करताय?" कयल कुजबुजली.

"देवीशपथ नाही!" तो टीव्हीजवळ वाकला आणि फिस्सकन हसला. "अम्मा, तुम्ही याच्या डोळ्यालाच गंध लावलंय. बिचाऱ्याला रिमोट दिसणार कसा?"

सगळं घर हसलं. वेष्टीच्या टोकाने त्याने चंदन पुसलं. मग एकामागून एक मेनू उघडत तो त्या दडवलेल्या बटणापर्यंत गेला. तिथे क्षणभर थांबला, कयलकडे पाहिलं आणि स्वतःचं काम स्वतःच्या हाताने बंद केलं. असं करायला छाती लागते, हे कयलइतकं त्या खोलीत कुणाला कळत होतं?

सिनेमा सुरू झाला. मिठागर, संधिप्रकाश, टोपली घेतलेली बाई. ती दुरून चालत आली, जवळ, आणखी जवळ... कयल पडद्याकडे बघतच नव्हती. ती अप्पांच्या उजव्या हाताकडे बघत होती. गुडघ्यावर ठेवलेली त्यांची बोटं अलगद फिरू लागली होती. बाईच्या प्रत्येक पावलागणिक, न दिसणारी कडी धरून. बाईचा चेहरा अगदी पुढ्यात येऊन थांबला, तेव्हा बोटंही थांबली.

"फोकस कुणी धरला होता?" अप्पांनी विचारलं.

"या शॉटला मीच, अप्पा."

काठीला रेटा देऊन अप्पा उठले, देवीपुढची आपली टेप उचलली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

"ठेव तुझ्याकडे. सिनेमा आहे हा." मग जमलेल्या गल्लीकडे वळून, आवाज चढवून ते म्हणाले, "माझ्या पोरीने टिपलाय! नीट बसून बघा सगळे!"

कयलला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

माणसं पांगली. अमुदन दारापाशी घुटमळत राहिला.

"पुढचं आउटडोअर कधी?"

"सोमवारी. महिनाभर."

"महिनाभर... मधल्या दिवसांत तुम्ही काय करत असाल, याचा विचार करूनच मी..."

"विचार करून काही रचायचं नाही," कयलने त्याला दटावलं. "फोन करायचा आणि विचारायचं."

"रोज?"

"मोजत बसू नका हो!"

"मग एकदाच विचारतो." त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही मला फार आवडता. तुम्हाला...?"

उत्तर द्यायच्या ऐवजी तिने सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला आणि शेजारची खुर्ची ओढली. तो बसला. थोड्या वेळाने, नकळत, त्याची बोटं खुर्चीच्या हातावर पाचाचा ठेका धरू लागली. कयलने पडद्यावरची नजर न काढता त्या बोटांवर आपला हात ठेवला आणि ठेका तिनेच पुढे चालू ठेवला.