नटावरची लाल रेघ

लाईट गेली तर जाऊ द्या, पोट्टेहो. कंदील नका आणू. मी सांगतो ते भाऊरावानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय, आणि भाऊराव तिखटमीठ लावणारा माणूस नव्हता.

सन शहाऐंशी, एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. भाऊराव जीप घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गेला होता, भावाची ट्रंक सोडवायला. भाऊ म्हणजे हिरामण. सौंसरला मॅट्रिकपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा, पुढे फौजेत हेलिकॉप्टर चालवू लागला, आणि मग किती वर्षं दुसऱ्यांना शिकवत होता. शंभरावर पोरं त्याच्या हाताखाली उडायला शिकली. शेवटच्या दिवशीही बाजूला शिकाऊ पोरगाच होता. हेलिकॉप्टर पडलं, पोरगा वाचला. हिरामणचं मात्र घरी काहीच आलं नाही, नऊ दिवसांनी ही ट्रंक तेवढी.

सुटीवर आला की तो भाऊरावाला जीप शिकवायचा. डाव्या सीटवर गप्प बसायचा. गाडी चुकायला लागली की एकच बोलायचा, "सोड. आता माह्याकडे." भाऊरावानं हात काढायचे, यानं स्टिअरिंग धरायचं.

दुसरी त्याची खोड लाल रंगाची. नट आवळला की नटावरून खालच्या पत्र्यावर बारीक लाल रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. हेलिकॉप्टरला असंच करतात म्हणे. माझ्या पंक्चरच्या दुकानात येऊन मलाही शिकवायचा. मी हसायचो, तर म्हणायचा, "नत्थू, हसू नोको. वर गेल्यावर खाली उतरून नट पाहता येत नाही."

त्या शुक्रवारी दुपारी जीपचं डावं चाक मीच बदललं. हात चालत होते, मन कुठंच नव्हतं. रडूही येत नव्हतं.

शांताबाई, त्या दोघा भावांची आई, हट्टानं सोबत गेली. नऊ दिवसांत तीही रडली नव्हती. आगगाडी लेट झाली. रात्री साडेदहाला ट्रंक जीपमध्ये मागं टाकून ते निघाले. म्हातारी मागं ट्रंकेला टेकून बसली. डावी सीट तिनं रिकामीच ठेवली.

थंडी होती. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे. जामसांवलीच्या अलीकडं नाल्याचा पूल लागतो, त्याला तेव्हा कठडा नव्हता. उतार लागला. सव्वा अकरा झाले होते.

आणि डावीकडून...

"सोड. आता माह्याकडे."

भाऊरावानं हात काढले. विचार नाही केला. सवय.

स्टिअरिंग आपोआप वळलं. ब्रेकवर त्याचा पाय नव्हता. जीप पुलाच्या तोंडाशी थांबली. इंजिन बंद. दिवे बंद.

"काहून थांबवली रे?" म्हातारीनं विचारलं.

"म्या नाही थांबवली, माय."

मग आवाज आला. खालून. डाव्या चाकापाशी.

खर्र... खर्र...

पान्ह्याचा. सावकाश. एक नट. थांबला. दुसरा. भाऊरावाचे हात मांडीवर पडले होते, उचलत नव्हते. तिसरा... चौथा...

पाचवा.

मग काहीच नाही.

"हिरामण?" म्हातारी म्हणाली.

...

दिवे लागले. भाऊराव घरी कसा पोचला, त्याला आठवत नव्हतं.

सकाळी सहाला जीप माझ्या दुकानापुढं उभी, म्हातारीही सोबत. भाऊरावानं सगळं सांगितलं आणि चाकाकडं बोट केलं. पाचही नटांवर लाल रेघ होती. बारीक, सरळ. रंग मागच्या ट्रंकेतून काढला म्हणावं, तर तिचं लाखेचं सील जसंच्या तसं होतं.

मी पान्हा लावला. एकही नट तसूभर हलला नाही. तेव्हा मला आठवलं. आदल्या दुपारी मी ते नुसते बोटानं फिरवून ठेवले होते, आवळायचे राहिले होते. पोट्टेहो, माझ्या हातून त्या रात्री मायलेक दोघं गेले असते.

मी ते तिथंच बोलून टाकलं. शांताबाई पुढं आली. खाली बसली, रेघेवर बोट ठेवलं, बोट पदराला पुसलं.

"आला होता न बापा," ती म्हणाली. "घोटभर पाणीही पेला नाही." आणि ती रडली.

मी मात्र तिच्या पदराकडं पाहत होतो. पांढरं लुगडं होतं तिचं. त्यावर लाल डाग उमटला होता.

रंग अजून ओला होता.