'जा'च्या पुढचा रंग

चष्मेवाल्याने उभा जन्म दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी वाहिली आणि स्वतःच्या डोळ्यांचं मात्र वाटोळं करून घेतलं. लोलकातून भिंतीवर पडणारा रंगांचा पट्टा त्याला आता नुसता धुरकट दिसे. म्हणून भर दुपारी खोलीत काळोख करायचा, खिडकीच्या झडपेतल्या भोकातून उन्हाची तिरीप लोलकावर घ्यायची, आणि लेकीने भिंतीशी उभं राहून प्रत्येक रंग संपतो तिथे पेन्सिलीने दाबून रेघ मारायची, अशी वाटणी होती. बायको गेल्यापासून त्याला या लेकीवाचून कुणी नव्हतं.

लहानपणी त्याने तिच्याकडून रंग घोकून घेतले होते. तानापिहिनिपाजा. ती शेवटी हटकून 'ये' जोडायची. "जा म्हटल्यावर ये म्हणायला नको का, बाबा?" तो पोट धरून हसायचा.

सोमवारी जांभळ्याची रेघ मारून ती थांबली.

"बाबा, पुढे अजून एक आहे. 'ये'च म्हणू या त्याला. पण हा संपत नाहीये."

आधी त्याला थट्टा वाटली. मग हाव सुटली. सगळ्या विद्वानांना सातच माहीत होते.

"संपेपर्यंत सरकत राहा," तो म्हणाला.

ती रोज थोडी पुढे सरकू लागली. झडप उघडल्यावर तिची बोटं बर्फासारखी गार लागत. त्याने ते मनावर घेतलं नाही.

गुरुवारी तिचा आवाज लांबून आला. भिंत सात पावलांची होती, त्याने स्वतः मोजलेली. आवाज वीस पावलांवरून येत होता.

तो ओरडला, "पुरे झालं. ये!"

"हो, येच आहे. अजून संपला नाही."

"रंग नाही गं! तू ये!"

"हो, बाबा. ये." आवाज आणखी लांब गेला होता.

त्याने धडपडत झडप उघडली. खोलीत कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. भिंतीवर बोटं फिरवली तेव्हा सात उभ्या रेघा लागल्या. त्यांच्यापुढे एक आडवी रेघ थेट कोपऱ्यापर्यंत गेली होती. कोपऱ्यात ती थांबली नव्हती, आत शिरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा झडप लावली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळाने, फार लांबून, ती म्हणाली, "ये."

रंगाचं नाव सांगते आहे की बोलावते आहे, त्याला कळेना.

मग डोळे अधू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला एक रंग लख्ख दिसला.